काजवे मोजावेत कसे, राखावेत कसे

मे महिन्याच्या अखेरीस वळवाच्या दोन-तीन सरी पडून गेल्या की गोव्यातल्या सत्तरी, धारबांदोडा, सांगे, काणकोण या तालुक्यांतल्या कुळागरांत, म्हणजे पोफळी-माडांच्या बागांत, संध्याकाळी साडेसातच्या सुमारास पहिले काजवे मिचकू लागतात. कोकणीत त्यांना काजुले म्हणतात. पाहणाऱ्याला वाटतं, आता काजव्यांचे दिवस सुरू झाले. खरं तर त्या किड्याचं आयुष्य तेव्हा संपत आलेलं असतं. उडणारा काजवा जेमतेम एक ते तीन आठवडे जगतो, आणि त्या दिवसांत बऱ्याच जाती काही खातही नाहीत. त्याआधीचे कित्येक महिने, काही जातींत वर्षाहून जास्त काळ, तो अळीच्या रूपात पातेऱ्याखाली म्हणजे गळून पडलेल्या पानांखाली, ओल्या मातीत, पाटाच्या कडेला गोगलगायी खात वाढलेला असतो. म्हणूनच काजव्यांचा अभ्यास जूनमध्ये झाडाकडे पाहून सुरू झाला तरी तिथे थांबत नाही. आणि त्यांना राखायचं तर झाडाखालची जमीन राखावी लागते.

या कामाला पदवी लागत नाही, महागडी उपकरणंही लागत नाहीत. लागते ती एकच जागा, पुन्हा पुन्हा तिथेच जाण्याची चिकाटी आणि नोंदीतली शिस्त. काजव्यांची संख्या कमी झाली असं गावोगाव म्हातारी माणसं सांगतात, आणि त्यांच्या सांगण्यात तथ्य असणार. पण किती कमी झाली, कुठे झाली आणि कधीपासून, हे आकड्यांत सांगता आलं तरच पंचायतीत किंवा वनखात्यात कुणी ऐकून घेतं.

किडा आणि त्याचा दिवा

काजवा हा भुंगेऱ्यांच्या गटातला. जगात त्याच्या दोन हजारांहून जास्त जाती आहेत. पोटाच्या टोकाशी ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य, ल्युसिफेरेज हे विकर, पेशींना ऊर्जा देणारं एटीपी आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र आले की उजेड पडतो, उष्णता जवळजवळ निघतच नाही. काजव्याला फुप्फुसं नसतात. बारीक नळ्यांतून हवा थेट दिव्यापर्यंत जाते. मज्जातंतूंकडून इशारा आला की तिथे नायट्रिक ऑक्साइड तयार होतो आणि ऑक्सिजनची वाट मोकळी होते. इशारा थांबला की दिवा विझतो. क्रिया रासायनिक असल्यामुळे तिचा वेग तापमानाप्रमाणे बदलतो: उकाड्याच्या रात्री काजवा भराभर मिचकतो, सर पडून हवा गार झाली की संथ. पुढे मोजणीत हे लागणार आहे.

मिचकणं हे नर-मादीचं बोलणं आहे. नर उडत किंवा पानावर बसून ठरावीक तालात चमकतो. मादी बहुधा खाली गवतात किंवा झुडपात असते आणि आपल्याच जातीचा ताल ओळखून उत्तर देते. एकाच झाडावर शेकडो नर जमले की प्रत्येक जण शेजाऱ्याची चमक पाहून आपलं घड्याळ थोडं पुढे-मागे करतो आणि काही वेळात अख्खं झाड एका तालावर येतं. तामिळनाडूच्या अनामलाई व्याघ्र प्रकल्पात २०२२ साली अशा एकसाथ चमकणाऱ्या काजव्यांची पाहणी झाली, ते अ‍ॅब्सकॉन्डिटा वंशाचे होते (वंश म्हणजे जवळच्या जातींचा गट). पश्चिम घाटात मे-जूनमध्ये झाडांवर जमणारे लहान काजवे बहुतेक याच वंशातले धरून चालायला हरकत नाही, पण जातीचं नाव मात्र घाईने लिहू नये.

त्या लहान काजव्याला एकदा तरी जवळून पाहा. स्वच्छ, कोरड्या पारदर्शक डबीत तो आपोआप चढेल असं करा, चिमटीत धरू नका, त्याचे पंख मऊ असतात. डबी उलटी धरा. लांबी सहा ते दहा मिलिमीटर. डोकं वरून दिसत नाही, मानेवरच्या पिवळसर ढालीखाली ते लपलेलं असतं, आणि खालून पाहिलं की दोन मोठे काळे डोळेच डोळे. आता पोटाचं टोक पाहा. दिवा विझलेला असला तरी तिथे दुधी पांढरा पट्टा दिसतो. शेवटचे दोन्ही खंड पांढरे असतील तर तो नर. एकच खंड पांढरा आणि त्यापुढे साधा, फिक्कट तपकिरी भाग असेल तर ती मादी. डबीखाली आलेखाचा कागद ठेवून पाठीचा एक, पोटाचा एक आणि बाजूचा एक असे तीन फोटो काढा. दहा मिनिटांच्या आत जिथे पकडला तिथेच सोडून द्या. डबीत पाण्याचा थेंब राहिला तर काजवा त्यात चिकटतो, आणि डबी मुठीत धरून ठेवली तर आत उष्णता वाढून तो मरगळतो. डास पळवण्याचं मलम तळहाताला लावलेलं असेल तर डबीला हात लावण्याआधी धुऊन टाका, ते किडे पळवण्यासाठीच बनवलेलं रसायन आहे.

एवढे फोटो असले तरी जात सांगता येईलच असं नाही. पुष्कळ जाती बाहेरून सारख्या दिसतात आणि तज्ज्ञांनाही नराच्या जननेंद्रियाची रचना सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते. वंशापर्यंत नाव लिहून थांबणं हे अपुरं काम नव्हे, ती प्रामाणिक नोंद आहे.

सगळे काजवे मिचकतही नाहीत. पाऊस ओसरल्यावर आणि थंडीत जमिनीपासून हातभर उंचीवरून एखादा हिरवट दिवा न विझता संथपणे जाताना दिसला तर तो डायाफेनेस वंशाचा नर असू शकतो. लॅम्प्रिजेरा वंशात मादीला पंखच नसतात. ती अळीसारखी दिसते, चांगली बोटभर लांब असते आणि जमिनीवरून स्थिर उजेड देते. अशी मादी उडून दुसरीकडे जाऊ शकत नाही. तिची जागा गेली की त्या गावातला तो वंश गेला.

अळी

अळी एकदा ओळखता आली की पुढे दर वेळी दिसते. चपटी, काळपट, पाठीवर एकावर एक खपल्या, लहानसं खवलेमांजरच म्हणा ना. शेपटीकडे खालच्या बाजूला दोन बारीक दिवे. हे दिवे जोडीदारासाठी नसतात, आपण चवीला वाईट आहोत हे बेडूक-पालींना कळावं म्हणून असतात. गोगलगायीच्या चिकट वाटेचा माग काढत ती जाते, पोकळ जबड्यांतून विष टोचून तिला लुळी करते आणि आतलं मांस पातळ करून शोषते. मग शेपटीच्या ब्रशसारख्या अवयवाने तोंडाला लागलेला चिकटा पुसत बसते. लॅम्प्रिजेरा टेनेब्रोसा या जातीच्या अळ्या आफ्रिकी राक्षसी गोगलगायही खातात. बागायतदारांना आज ज्या गोगलगायीने जेरीस आणलं आहे, तीच ही. अंडी ओल्या मातीत किंवा शेवाळ्यात घातली जातात, कोषही मातीतच होतो. आशियात भातखाचरांच्या पाण्यात वाढणाऱ्या आणि पाणगोगलगायी खाणाऱ्या अळ्यांच्याही जाती आहेत, तेव्हा वायंगण शेताचा, म्हणजे पावसाळ्यानंतर पाण्यावर घेतलेल्या भाताचा, बांध पाहणीतून वगळू नका.

मोजणी

सामान थोडं: वही, पेन्सिल, साधा थर्मामीटर, टॉर्च, काठी, गमबूट. टॉर्चच्या काचेवर आकाशकंदिलाचा लाल जिलेटिन कागद दोन-तीन घड्या करून रबराने बसवा. पांढऱ्या कागदावर उजेड पाडून पाहा, कडेने पांढरा झोत निसटत असेल तर आणखी एक घडी घाला. काजव्यांच्या डोळ्यांना पिवळा-हिरवा उजेड सर्वांत जास्त दिसतो, लाल फार कमी. मोजायला जपाचा काउंटर छान, पण बटण दाबल्यावर पेटणारा असेल तर त्यावर चिकटपट्टी लावा. न पाहता टिकटिक करता येणारा यांत्रिक काउंटर मिळाला तर त्याहून चांगलं.

जागा निवडताना सगळ्यात जास्त काजवे असलेलं झाड निवडण्याचा मोह होतो, आणि पहिली चूक इथेच होते. ज्या झाडावर यंदा शिखर आहे तिथे पुढच्या वर्षी संख्या उतरण्याचीच शक्यता जास्त. मग दुसऱ्या वर्षी आकडा खाली आला की काजवे घटले असा खोटा निष्कर्ष निघतो. त्याऐवजी रोजच्या वापरातली एखादी पायवाट घ्या, पाटाच्या कडेने, राईच्या काठाने किंवा मळ्याच्या बांधावरून. तिच्यावर पन्नास-पन्नास मीटरवर पाच ठिकाणं दिवसाउजेडी ठरवा, म्हणजे तेच काजवे दोनदा मोजले जात नाहीत. पाचांपैकी एक ठिकाण रस्त्याच्या दिव्याजवळचं असू द्या. अंधाऱ्या आणि उजेडातल्या ठिकाणांतला फरक हाच पुढे पंचायतीपुढे मांडायचा तुमचा सर्वांत भक्कम पुरावा ठरेल.

वेळ सूर्यास्तावर बांधा. जूनच्या सुरुवातीला गोव्यात सूर्य सातच्या आसपास मावळतो. चाळीस मिनिटांनी, म्हणजे पावणेआठच्या थोडं आधी सुरुवात करा आणि तासाभरात पाचही ठिकाणं संपवा. एका रात्री पहिल्याकडून पाचव्याकडे जा, पुढच्या वेळी उलट. नाहीतर उशिराच्या ठिकाणी काजवे नेहमीच कमी भरतील आणि त्याचा दोष जागेला जाईल.

ठिकाणावर पोचलात की टॉर्च बंद करून तीन मिनिटं नुसते उभे राहा. डोळे अंधाराला पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, म्हणून वाटेतही फोनचा पडदा उघडू नका. एकदा पडदा पाहिलात की पुढच्या ठिकाणचा आकडा खाली जाणार. बोलून नोंद घ्यायची असेल तर घरूनच आवाज रेकॉर्ड करणं सुरू करून फोन खिशात ठेवा. मग दोन्ही हात समोर काटकोनात पसरा. त्या दोन हातांमधली जागा हे तुमचं शेत. त्यात दहा सेकंदांत दिसलेल्या चमका मोजा. एक मिनिट थांबा, पुन्हा मोजा. असं तीनदा. तिन्ही आकडे लिहा, सरासरी घरी काढता येते.

आपण चमका मोजतो आहोत, काजवे नाही, हे कायम ध्यानात असू द्या. एक काजवा दहा सेकंदांत आठ वेळा मिचकत असेल तर ६४ चमका म्हणजे साधारण आठ काजवे. तेही कमीत कमी, कारण त्या दहा सेकंदांत गप्प बसलेले आणि गवतातल्या माद्या मोजणीत आलेल्याच नसतात. म्हणून वहीत चमकाच लिहा, काजव्यांचा अंदाज वेगळ्या रकान्यात. झाड एकसाथ लखलखत असेल आणि मोजणं अशक्य झालं तर खोटा नेमका आकडा लिहिण्यापेक्षा ‘शंभराच्या वर’ असं लिहा.

नोंद अशी दिसली पाहिजे: ‘२ जून. ठिकाण ३, पाटाचं वळण, पोफळ आणि केळ. सुरुवात ७.५२. तापमान २७. ढगाळ, चंद्र नाही, वारा नाही, दुपारी चारला सर. चमका १४, ९, १७. बहुतेक गुडघ्याच्या उंचीवर, दोन पोफळीच्या शेंड्याला. मधे एक दुचाकी गेली, दोन मिनिटं थांबून मोजलं.’ काजवा एकही दिसला नाही तर तीन वेळा शून्य लिहा. ज्या रात्री काही दिसत नाही त्या रात्रीची नोंद टाळली जाते, आणि मोसम कधी सुरू झाला व कधी संपला हेच मग कळेनासं होतं.

आठवड्यातून दोन रात्री, १५ मे ते ५ जुलै, एवढं पुरेसं आहे. गोव्यात मोसमी पाऊस साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो, पण तो दहा दिवस मागे-पुढे झाला की काजव्यांचं शिखरही सरकतं. त्यामुळे यंदाचा १ जून आणि पुढच्या वर्षीचा १ जून यांची तुलना फसवी ठरते. पावसाच्या तारखा लिहून ठेवा आणि शिखराचा आकडा व मोसमाचे एकूण आठवडे यांची तुलना करा. दोघे जण आळीपाळीने मोजणार असाल तर पहिल्या दोन रात्री एकाच वेळी शेजारी उभे राहून मोजा. एकाचा आकडा कायम दीडपट येत असेल तर ते तेव्हाच लक्षात येईल.

ताल मोजायचा तर एकच काजवा धरा. पहिल्या चमकेला घड्याळ सुरू, दहाव्या चमकेला बंद, आणि मिळालेल्या सेकंदांना नऊने भागा. दहा चमकांत नऊच अंतरं असतात. दहाने भागणं ही फार नेहमीची चूक आहे. तापमान लिहिल्याशिवाय या आकड्याला अर्थ नाही. व्हिडिओवरून मोजणार असाल तर फोन तिकाटण्यावर ठेवा, फोकस आणि एक्सपोजर हाताने बांधा, चौकटींचा वेगही ठरवून घ्या. अंधारात फोन आपणहून वेग कमी करतो आणि सगळी गणितं चुकतात. सेकंदाला तीस चौकटी असतील तर एक चौकट म्हणजे सेकंदाचा तिसावा भाग, आणि सेकंदाच्या दशांशात संपणारी चमक जेमतेम तीन चौकटींत येते.

समाजमाध्यमांवर फिरणारी, अख्खं रान पिवळ्या ठिपक्यांनी भरलेली छायाचित्रं अर्ध्या-एक तासाच्या अनेक फोटोंचे थर लावून बनवलेली असतात. ती पाहून गेलेला माणूस निराश होतो आणि काजवे शोधत गवतात शिरतो. फोटो सुंदर असला तरी तो संख्येचा पुरावा नव्हे.

अळ्यांची मोजणी वेगळी. जुलै ते ऑक्टोबर, पंधरा दिवसांतून एकदा, पाऊस थांबलेल्या रात्री पाटाच्या कडेने वीस मीटर लाल उजेडात अगदी सावकाश चाला, आणि थोड्या थोड्या अंतरावर थांबून टॉर्च बंद करून पाहा. जमिनीवर मंद हिरवट ठिपका दिसला की थांबा. अळीचा उजेड हळूहळू वाढतो, हळूहळू मावळतो, आणि पावलाच्या हादऱ्याने बदलतो. न बदलणारा, न हलणारा उजेड कुजक्या फांदीवर असेल तर ती प्रकाशमान अळंबी. म्हादईच्या रानात पावसाळ्यात मायसीना वंशाची अशी अळंबी दिसते. तिसरी फसगत कोळ्यांची: टॉर्च मारल्यावर जमिनीवर हिरवे हिरे चमकतात आणि टॉर्च विझवली की जातात. ते कोळ्याचे डोळे, त्यांना स्वतःचा उजेड नसतो.

रात्री बाहेर पडताना

एकट्याने जाऊ नका. मण्यार, घोणस, चापडा हे सगळे याच वेळी, याच पाटाच्या कडेला फिरतात, म्हणून चालताना लाल उजेड पायांपुढे असलाच पाहिजे. अंधारात फक्त उभं राहायचं, चालायचं नाही. सत्तरीत २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. हा रोग गोचिडीतून येतो आणि त्याचा काळ कोरड्या महिन्यांपासून पाऊस लागेपर्यंतचा, म्हणजे मेमधल्या आपल्या फेऱ्या त्यातच येतात. पूर्ण बाह्या, विजार मोज्यांत खोचलेली, पातेऱ्यावर बसायचं नाही, घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात आणि अंग तपासून आंघोळ. ताप आला तर डॉक्टरांना रानात गेल्याचं आवर्जून सांगा. वळवाच्या दिवसांत ढगांचा गडगडाट ऐकू आला की त्या रात्रीची मोजणी सोडून द्या.

म्हादई, भगवान महावीर, नेत्रावळी, खोतीगाव, बोंडला या अभयारण्यांत संध्याकाळनंतर वनखात्याच्या परवानगीशिवाय जाता येत नाही, आणि तिथला किडा उचलून आणायचा तर प्रश्नच नाही. खरं सांगायचं तर हौशी माणसाचं काम अभयारण्याच्या बाहेरच जास्त मोलाचं आहे. कुळागर, देवराई, वायंगण, खाजनाचा म्हणजे खाडीकाठच्या शेतजमिनीचा बांध, गावाची तळी इथे कुणीच मोजत नाही.

काय बिघडतं आणि काय करता येतं

२०२० साली जगभरच्या तज्ज्ञांची मतं एकत्र करणारा एक अभ्यास ‘बायोसायन्स’ या नियतकालिकात आला. त्यात काजव्यांपुढची संकटं म्हणून अधिवास नष्ट होणं, कृत्रिम उजेड आणि कीटकनाशकं ही तिन्ही सर्वांत वर होती. गोव्याच्या गावात ही तिन्ही एकाच कुळागरात भेटतात.

आधी उजेड. पौर्णिमेचा प्रकाश जेमतेम पाव लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) असतो, रस्त्याच्या एलईडी खांबाखाली पाच ते वीस लक्स, म्हणजे पौर्णिमेच्या वीस ते ऐंशी पट. त्या उजेडात नराची चमक मादीला दिसत नाही आणि ती उत्तर देत नाही. दोघंही जिवंत असतात, पण पुढची पिढी होत नाही. म्हणून दिवे लागल्यावर काजवे लगेच नाहीसे होत नाहीत, दोन-तीन वर्षांनी होतात, आणि तोवर दिव्याचा संबंध कुणाच्या लक्षात राहत नाही. मोजायला यंत्र नको: ठिकाणावर उभे राहा, चंद्र नसताना तुमची सावली पडते का पाहा. पडत असेल तर ती जागा काजव्यांसाठी उजेडाचीच.

पंचायतीकडे ‘गावातले दिवे बंद करा’ म्हणून गेलात तर कुणी ऐकणार नाही, आणि ऐकूही नये, लोकांना रात्री सुरक्षित घरी यायचं असतं. मागणी नेमकी करा: पाटाकडे तोंड केलेले हे दोन खांब, २० मे ते २० जून, संध्याकाळी साडेसात ते दहा बंद किंवा मंद, आणि दिव्यांना उजेड फक्त खाली पाडणारं झाकण. नवे दिवे बसणार असतील तर पांढऱ्याऐवजी २२०० ते २७०० केल्विनचे, म्हणजे पिवळसर, मागा. मात्र पिवळसर दिवा लावला की काम झालं असं समजू नका, काजव्याचा स्वतःचा उजेड त्याच रंगाच्या जवळचा आहे. रंग बदलण्यापेक्षा उजेड कमी करणं आणि खाली वळवणं जास्त उपयोगी. घराच्या मागच्या दारी हालचाल झाली तरच पेटणारा दिवा बसवा. होमस्टेवाल्यांनी झाडांना गुंडाळलेल्या दिव्यांच्या माळा निदान महिनाभर काढून ठेवाव्यात, पाहुण्यांना दाखवायला काजवे उरतील.

कुळागरातली फवारणी हा नाजूक विषय आहे. फळं कुजवणाऱ्या कोळेरोगापासून सुपारी वाचवायची तर पावसाच्या तोंडावर एक टक्का बोर्डो मिश्रण, म्हणजे शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना, मारावंच लागतं. तेही नेमकं काजव्यांच्या दिवसांत. बोर्डो मारू नका असं कुणा बागायतदाराला सांगायचा आम्हाला अधिकार नाही. पण मोरचुदातलं तांबं गोगलगायींना आणि गांडुळांना मारतं, मातीत साठत जातं, आणि अळीचं खाद्य तेच. तेव्हा घोसांवर नेम धरून मारा, वारा असताना नको, पिंप आणि पंप पाटात धुऊ नका, उरलेलं मिश्रण पाटाच्या कडेला ओतू नका. ज्यांना जमतं त्यांनी घोसांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधून पाटालगतच्या एक-दोन ओळी फवारणीतून वगळाव्यात. डासांसाठी धुराची फवारणी संध्याकाळीच होते, आणि उडणारे काजवे त्यात सरळ मरतात. आरोग्याचं कारण नसेल तर राईजवळ ती मागू नये.

राक्षसी गोगलगायींसाठी मेटाल्डिहाइडच्या गोळ्या टाकल्या जातात. त्या देशी गोगलगायीही मारतात, म्हणजे अळीचं ताट रिकामं. त्याऐवजी संध्याकाळी ओली गोणपाटं पसरा, खाली पपईची पानं टाका, सकाळी त्यांखाली जमलेल्या मोठ्या गोगलगायी हातमोजे घालून वेचा आणि मिठाच्या दाट पाण्यात टाका. लहान, देशी दिसतील त्या तिथेच राहू द्या. मेहनतीचं काम आहे, पहिले दोन आठवडे रोज करावं लागतं.

पातेरा ही बहुतेकांना घाण वाटते. पावसाआधी भाट, म्हणजे बाग, झाडून ढीग पेटवला की त्यात कोष आणि अळ्या जळतात. सगळं भाट न झाडता सोडा असं कुणी म्हणत नाही. पाटाच्या दोन्ही बाजूंना मीटर-दोन मीटरची पट्टी एप्रिलपासून अस्पर्श ठेवा, माडाची चुडतं आणि पानं तिथेच कुजू द्या, खणतीही टाळा. गवत १५ जुलैनंतर कापा, तेही एका वेळी निम्मं. मातीचा पाट सिमेंटचा केला की पाणी वाचतं हे खरं, पण त्याची ओली कड जाते, आणि अळीचं घर ती कडच असते. सिमेंट करणं भागच असेल तर निदान वळणांवरचे तुकडे मातीचे ठेवा.

देवराया या बाबतीत मोठा आधार आहेत. बांबरची निरंकाराची राय, जिच्यात रानजायफळांची दलदल टिकून आहे, तिथली जमीन वर्षभर ओली असते. राईत दिवा, फरशी आणि सभामंडप आले की ती जमीन गेली.

राहिली माणसांची गर्दी. महाराष्ट्रात भंडारदरा आणि पुरुषवाडीला काजवा महोत्सवांसाठी लोक गाड्या भरून जातात. झाडावरच्या नरांकडे पाहत गवतात उभं राहणाऱ्या माणसाच्या पायाखाली मादी असते. गोव्यात हे रूळण्याआधीच आपापल्या गावात नियम ठरवा: एका वेळी आठ-दहा माणसं, पायवाट सोडायची नाही, गाडीचे दिवे शंभर मीटर आधी बंद, बाटलीत काजवे भरायचे नाहीत.

नोंदी कुठे द्यायच्या

आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर फोटो टाका, तारीख, वेळ आणि तापमान टिपणीत लिहा. जमावाची जागा असेल तर आयनॅचरलिस्टवर ठिकाण ‘अस्पष्ट’ ठेवण्याची सोय वापरा, नाहीतर पुढच्या शनिवारी तिथे गाड्या उभ्या राहतील. जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे प्रत्येक पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि ती लोक जैवविविधता नोंदवही ठेवते. तुमचा पाच ठिकाणांचा तक्ता दरवर्षी त्या समितीला लेखी द्या आणि पोच घ्या. उद्या त्या पाटावर रस्ता किंवा वसाहत यायची झाली तर ‘इथे काजवे होते’ या सांगण्याला कागद असेल. जागतिक काजवा दिवस जुलैच्या पहिल्या शनिवार-रविवारी असतो. गोव्यात तेव्हा मोसम ओसरलेला आणि पाऊस धो धो, तेव्हा तो दिवस शाळेत किंवा पंचायतघरात बसून यंदाचे आकडे फळ्यावर मांडायला ठेवा.

पहिल्या वर्षीचा आकडा काही सिद्ध करत नाही. तिसऱ्या वर्षी तो बोलू लागतो. तोवर ऑक्टोबरातली अळ्यांची फेरी चुकवू नका. त्या महिन्यात वीस मीटरमध्ये सहा-सात दिवे जमिनीलगत सापडले, तर पुढच्या मेमध्ये कुठल्या वळणावर उभं राहायचं ते आत्ताच वहीत लिहून ठेवता येतं.